दहा किलोंच्या आत

आमच्या चिकनला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘अले, कित्ती गोड’ वगैरे काही म्हणाले नाहीत. खिशातून शिंप्याची टेप काढली. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप घेतलं, जमिनीपासून कोपरापर्यंत दुसरं, खांद्यांची रुंदी तिसरं. चौथं माप उंचीचं. त्याला चिकनने त्यांच्या मनगटावर तीन समांतर रेघा ओढल्या. त्यांनी रुमालाने रक्त टिपलं, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, ‘‘अहो, उंची कानाच्या टोकापर्यंत धरायची. डोक्यापर्यंत धरणारे लोक पुढे काउंटरवर रडतात.’’

चिकन म्हणजे आमची मांजर. लखनौला बदली होऊन आलो त्या वर्षी मुलीने गोमतीनगरच्या एका कोपऱ्यावरून उचलून आणली. पांढऱ्यावर पांढरे, नीट पाहिलं तरच दिसणारे ठिपके. इथल्या चिकनकारीच्या कुर्त्यासारखे. म्हणून चिकन. पुण्याच्या आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ काही न बोलता फोन ठेवला होता.

आणि टेपवाले गृहस्थ म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. त्यांचं आडनाव काय, हे सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. कुत्री-मांजरं घेऊन विमानाने जायचं असलं की सगळे त्यांच्याकडे जातात, म्हणून ते ‘पिंजरेवाले काका’. वॉचमन तर ‘पिंजरेवाले साहब’ म्हणतो आणि नवा माणूस त्यांच्या दारात पोपट घ्यायला उभा राहतो.

काका मानकनगरच्या आरडीएसओतून निवृत्त झालेत. रेल्वेच्या डब्याचा स्क्रू किती जाडीचा असावा इथपासून सगळी मानकं ठरवणारी ही संस्था. 1957 सालापासून लखनौत आहे आणि तिच्या निमित्ताने बरीच मराठी इंजिनियर मंडळी इथे येऊन इथलीच झाली. काकांनी उभं आयुष्य मानकं लिहिण्यात घालवलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर नातू सांभाळायला दिला तर तो नातवाला सहनमर्यादा लावतो. काकांचं सुदैव (की नातवाचं) असं की नातू पुण्यात बाणेरला आणि काका इथे. मग त्यांना विमान कंपन्यांचे नियम सापडले.

काकांची मराठी ऐकण्यासारखी आहे. चाळीस वर्षं लखनौत राहिल्यावर इथला ‘हम’ त्यांच्या मराठीत उतरलाय. ते स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात. त्यात त्यांचा कुत्रा सतत मांडीवर. त्यामुळे ‘आम्ही’ म्हणजे एक की दोन, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. एकदा ते मुलाला फोनवर म्हणाले, ‘‘आम्ही काल डॉक्टरकडे गेलो होतो. आम्हाला वजन उतरवायला सांगितलंय. श्वासाचा त्रास होईल म्हणाले.’’ मुलाने पुण्याहून रातोरात तिकीट काढलं. तो दारात उभा राहिला तेव्हा काका पेपर वाचत होते आणि ज्याला वजन उतरवायचं होतं तो सोफ्यावर घोरत होता.

त्या घोरणाऱ्याचं नाव बफर. जातीने पग. दोन डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना जे लावतात तो बफर; आणि याचं तोंड पाहिलं की वाटतं, काही तरी नक्की येऊन आपटलं असावं. काका त्याच्याशी लखनवी हिंदीत बोलतात, तेही ‘आप’ लावून : ‘‘आप ज़रा उधर तशरीफ़ रखिए.’’ काकू त्याच्याशी मराठीत बोलतात : ‘‘हो तिकडे मेल्या.’’ बफरला दोन्ही भाषा उत्तम कळतात. दोन्हींतलं तो काही ऐकत नाही.

तर आमचं काम असं होतं की नोव्हेंबरात महिनाभर मुंबईला जायचं होतं आणि चिकनला ठेवायला कुणी नव्हतं. मी कंपन्यांना फोन केले. एकाच कंपनीच्या तीन माणसांनी मला तीन वजनं सांगितली; चौथ्याने विचारलं, मांजर शाकाहारी आहे का. शेवटी जिना उतरलो.

काकांनी मला बसवलं, काकूंना चहा सांगितला, आणि म्हणाले, ‘‘आधी थाट समजून घ्या.’’

भातखंड्यांनी 1926 साली याच गावात संगीताचं कॉलेज काढलं आणि हिंदुस्थानातले सगळे राग दहा थाटांत बसवले. काकांनी सगळे पाळीव प्राणी तीन थाटांत बसवलेत. पहिला थाट ‘पायाशी’ : प्राणी पिशवीत, पिशवी पुढच्या सीटखाली. दुसरा ‘पोटात’ : पक्क्या पिंजऱ्यात, त्याच विमानाच्या सामानाच्या कप्प्यात. तिसरा ‘मालात’ : कार्गोने, मालाच्या पावतीवर, तुम्ही कुठल्या विमानात आणि तो कुठल्या, याचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. ‘‘आणि चौथा प्रकार म्हणजे इंडिगो,’’ काका म्हणाले. ‘‘ते नेतच नाहीत. फक्त अपंगांच्या मदतीचा शिकवलेला कुत्रा असेल तर. म्हणून तिकीट काढायच्या आधी विचारायचं. लोक तिकीट काढतात, मग आम्हाला विचारतात.’’

दुसऱ्या थाटाबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असतं ते काकांना सहन होत नाही. सामानाच्या कप्प्यात हवा नसते, बर्फासारखं गार असतं, असं कुणी म्हटलं की ते चष्मा काढतात. ‘‘अहो, प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब आपल्या केबिनसारखाच असतो. तापमानही सांभाळतात. वर काही होत नाही. जे होतं ते खाली होतं. मे महिन्यात दुपारी दोनला चव्वेचाळीस अंशांत पिंजरा ट्रॉलीवर उभा आहे आणि विमानाला उशीर आहे. तिथे जातो जीव.’’ बोलताना त्यांचा हात बफरच्या पाठीवर होता. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना म्हणूनच बऱ्याच कंपन्या पोटात घेत नाहीत. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो; ज्याच्या नाकाची वाटच आखूड आणि अरुंद, तो धापा टाकूनही गार होत नाही. पर्शियन मांजरांचंही तेच. आमची चिकन लांब नाकाची निघाली याचा मला त्या क्षणी, का कोण जाणे, अभिमान वाटला.

पुढचे तीन आठवडे आमचं घर काकांनी चालवलं. पिशवी मऊ हवी, जाळीची हवी, खाली न गळणारी हवी. आत चिकन उभी राहिली पाहिजे, वळली पाहिजे, पसरली पाहिजे. पिशवी आणल्यावर ती उघडी करून हॉलमध्ये ठेवायची आणि विसरून जायचं. ‘‘दाखवायची नाही. मांजराला दाखवलं की संपलं.’’ पाचव्या दिवशी चिकन आपण होऊन आत जाऊन झोपली. मग पिशवीसकट धुलाई यंत्रावर ठेवायची, यंत्र सुरू करायचं, म्हणजे धावपट्टीच्या थरथरीची सवय होते. मिक्सर म्हणजे इंजिन. हे काकांचं स्वतःचं मानक. कुठल्याच कंपनीच्या नियमांत नाही. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत कपडे इतके धुतले गेले की बायकोच्या दोन साड्यांचे रंग गेले.

झोपेच्या औषधाचा विषय मीच काढला. मला वाटलं होतं, देऊ अर्धी गोळी, आम्हीही झोपू आणि तीही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सिग्नल लाल असताना गाडी सोडा म्हणालो. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, उंचीवर ते निभावत नाही. कंपन्याही गुंगीतला प्राणी घेत नाहीत. भूक मात्र थोडी ठेवायची. निघण्याच्या चार-पाच तास आधी हलकं खाणं, मग फक्त पाणी.

कागद तीन : लसीकरणाचं पुस्तक, त्यात रेबीजची नोंद तारखेसकट, जनावरांच्या डॉक्टरचा ‘उडायला ठीक’ असा दाखला, तोही ताजा, आणि कंपनीची आगाऊ मंजुरी, कारण एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. तिन्हींच्या चार-चार प्रती. चौथी कशाला, असं विचारल्यावर काका म्हणाले, ‘‘एक ते ठेवतात, एक ते हरवतात, एक तुम्ही हरवता.’’

परदेशी जाणाऱ्यांसाठी काकांकडे वेगळी फाईल आहे, लाल रंगाची. पलीकडच्या इमारतीतलं एक जोडपं कुत्र्यासह जर्मनीला चाललं होतं. लस झाली होती, मग चिप बसवली, सगळं छान. काकांनी तारखा पाहिल्या आणि पेनाने दोन्हींखाली रेघ मारली. पंधरा आकड्यांची चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, असाच क्रम लागतो. चिप नसताना टोचलेली लस युरोपच्या दृष्टीने दुसऱ्याच कुणा कुत्र्याला टोचलेली. पुन्हा लस, मग तीस दिवसांनी रक्त, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, प्रतिपिंडं मिलिलिटरला निदान अर्धं युनिट भरायला हवीत, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. नवरा पुढे गेला. बायको आणि कुत्रा चार महिन्यांनी गेले. जाताना तिने काकांच्या पाया पडून निरोप घेतला. नवऱ्याने म्हणे अजून फोन केलेला नाही.

आता आमच्या प्रवासाचं सांगतो. अमौसी विमानतळावर पहाटे पोचलो. नव्या तिसऱ्या टर्मिनलचं 10 मार्च 2024 ला उद्घाटन झालं तेव्हा सगळं लखनौ खूश झालं, एकटे काका सोडून. त्यांच्या फाईलीत जुन्या टर्मिनलच्या दारापासून काउंटरपर्यंतची पावलं मोजून लिहिलेली होती. ती सगळी रद्द. नव्याची त्यांनी आमच्यासाठी आदल्या रविवारी जाऊन बाहेरच्या बाहेर जमेल तेवढी मोजली.

काउंटरवर वजन झालं. पिशवीसकट चार किलो नऊशे. मुलीने बाजूला जाऊन काकांना फोन केला आणि फक्त आकडा सांगितला. पलीकडून म्हणे ‘‘शाबास’’ आलं, चिकनसाठी.

सुरक्षेच्या रांगेत मात्र घोटाळा झाला. पिशवी यंत्रातून जाते पण प्राणी जात नाही. त्याला बाहेर काढून कडेवर घेऊन आपण चौकटीतून जायचं, हे काकांनी घोकवून घेतलं होतं. माझी पाळी आली तेव्हा जवानाने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘इसमें क्या है?’’

पहाटेची वेळ, अर्धी झोप. मी खरं ते सांगितलं. ‘‘चिकन.’’

तो लखनौचाच असावा. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्याने विचारलं, ‘‘खाने वाला या पहनने वाला?’’

पिशवीतून उत्तर आलं, ‘‘म्याँव.’’

मागची अख्खी रांग हसली. जवान मात्र हसला नाही. त्याने अदबीने बाजू दिली, बायकोने चिकनला काढून पट्ट्यासकट छातीशी धरलं, आणि ती चौकटीतून अशी गेली की चौकट तिच्यासाठीच उभारली असावी. विमानात ती झोपली. रडलं ते शेजारच्या सीटवरचं बाळ. मुंबईपर्यंत. त्याला दाखला कुणी मागितला नव्हता.

इतकं सगळं ज्यांच्या जिवावर झालं, त्या काकांनी बफरला अजून विमानात बसवलेलं नाही. हे मला परत आल्यावर काकूंकडून कळलं.

गोष्ट जुनी आहे. मुलाचं म्हणणं, दोघांनी आता पुण्यालाच यावं. मुंबईपर्यंत विमान, पुढे टॅक्सी. काका तयार झाले. पहिला पिंजरा आणला : मोठा, टणक प्लास्टिकचा, चारी बाजूंनी हवा खेळणारा, लोखंडी बोल्टांनी आवळलेला, दाराला आत पाण्याची वाटी, वर बाणांची चिकटपट्टी, बाजूला ‘जिवंत प्राणी’. काकांनी तो टेबलावरून तीनदा खाली पाडून पाहिला. पिंजऱ्याला काही झालं नाही, फरशी फुटली. मग बसक्या नाकाचा नियम वाचनात आला. पोटाचा थाट बाद. ‘‘आमच्या कारकिर्दीतली ही एकच चूक,’’ काका म्हणतात. ‘‘आधी पिंजरा, मग नाक.’’

राहिला पायाशीचा थाट. नोव्हेंबर 2022 मध्ये अकासा या विमान कंपनीने प्राणी न्यायला सुरुवात केली, तेव्हा केबिनची मर्यादा पिशवीसकट सात किलो होती. बफर एकटाच साडेआठ. त्याला दुधी आणि गाजरावर ठेवलं. तो सोफ्याखाली जाऊन बसायचा आणि तिथून सुस्कारे ऐकू यायचे. लखनौत थंडीत चौकात मलई-मक्खन मिळतं, दवात घुसळलेला फेस नुसता. ते हवाच असतं अशी काकूंची समजूत. त्या हवेने बफर दोनशे ग्रॅम वाढला. पुढे मर्यादा दहा किलोंची झाली. काकांनी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले आणि बफरलाही त्याचा वाटा मिळाला, एकदा काकांकडून आणि एकदा काकूंकडून. आता तो पिशवीसकट दहा किलो दोनशे भरतो. काकांनी पिशवीच्या चेनची मूठ कापली, तळाचा पुठ्ठा बदलला, खांद्याचा पट्टा काढला. दहा किलो ऐंशी. तिथे दोन महिने अडकले.

समजा, वजन बसलं. मग महिना बसत नाही. एप्रिल ते जून ऊन, लू वाहते. जुलैपासून पाऊस, बफर गडगडाटाला घाबरतो. गणपतीत घर सोडता येत नाही. दिवाळीत फटाके. नोव्हेंबरात पेन्शनसाठी काकांना स्वतः जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. तो लागला की नाही हे कळेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि अमौसीवर धुकं उतरतं. धुक्यात विमान चार-चार तास अडकतं, तेवढा वेळ पिशवीत? जानेवारीही तसाच जातो. राहता राहिला फेब्रुवारी. फेब्रुवारीत बफरच्या रेबीजच्या लसीची तारीख येते, आणि लसीनंतर तीस दिवस थांबावं असं काकांचं मत. दरवर्षीच्या लसीला एवढं थांबायची गरज नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. काका म्हणतात, ‘‘काउंटरवर डॉक्टर नसतात.’’ तीस दिवस म्हणजे मार्चअखेर. मार्चअखेर ऊन.

मी एकदा म्हटलं, ‘‘काका, मग रेल्वेने जा की. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घेतला तर कुत्रा नेता येतो, तुम्हीच सांगितलंत. पुष्पक संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी मुंबई.’’

‘‘कूपे मिळतो की नाही ते चार्ट लागेपर्यंत कळत नाही,’’ काका म्हणाले. ‘‘आणि रेल्वेचे नियम आम्हाला सांगू नका. त्यातले काही आम्हीच लिहिलेत.’’

काकू आतून कणीक मळत म्हणाल्या, ‘‘जायचं असतं तर पुष्पक रोज आहे.’’

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाले, चला, फिरून येऊ. थंडीच्या सकाळी ते अधूनमधून प्राणिसंग्रहालयात फिरायला जातात. 1921 सालचं हे संग्रहालय, आता नवाब वाजिद अली शाहांच्या नावाचं. तिथे आवारात पंडित नेहरूंच्या प्रवासाचं ‘राजहंस’ विमान ठेवलेलं आहे. चाकांवर उभं, पंखांखाली गवत. पलीकडून माकडांचा कालवा. प्राणी आणि विमान एका कुंपणात दाखल्याविना नांदतात अशी लखनौत ही एकच जागा. काका विमानाच्या पोटाखाली उभे राहिले, वर पाहत. मला वाटलं, आता काही तरी मनातलं बोलतील.

‘‘हा कप्पा,’’ ते म्हणाले, ‘‘पगला चाललाच नसता.’’

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. जून आहे, गोमतीनगरात पंख्याचीही हवा गरम लागते. बफर सोफ्यावर झोपलेला. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात नेहमीच्या जागी. आत गवत अंथरलंय आणि गवतावर मलिहाबादहून आलेले दशहरी आंबे पिकायला घातलेत. चारी बाजूंनी हवा, तळाला ओल शोषणारा थर. काकू म्हणतात, अढी इतकी चांगली आजवर कधी जमली नव्हती. ‘जिवंत प्राणी’ची चिकटपट्टी तशीच आहे.

त्यातले चार आंबे काल आमच्याकडे आले. सोबत चिठ्ठी होती, काकांच्या अक्षरात : चार नग, नऊशे साठ ग्रॅम, पिशवीसह.